कोल्हापूरच्या पावसात घरावर सोलर परवडतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरावर कळंबा रोडला २०२४ च्या मे महिन्यात सहा पॅनलचं, म्हणजे ३ किलोवॉटच्या जरा वरचं सोलर बसलं, जूनच्या शेवटी नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज मोजणारा) लागला आणि लगेच झड सुरू झाली. शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, आता चार महिने नुसतं बघत बसा. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी सोलरच्या ॲपवरचा त्या दिवशीच्या विजेचा आकडा वहीत लिहून ठेवते, पाऊस कसा होता तेही शेजारी लिहिते. गल्लीतल्या, भिशीतल्या, माहेरच्या सगळ्या माणसांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ऊनच नसतं, मग सोलर घेऊन काय उपयोग?

हिशोब महिन्याचा नाही, वर्षाचा करायचा. आपल्या भागात १ किलोवॉटला वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला साडेतीन ते चार युनिट पडतात, म्हणजे वर्षाला तेराशे-चौदाशे युनिट. यात पावसाळा धरलेला आहे, तो वगळून नाही.

आता पावसाळ्यात किती पडतं ते माझ्या वहीतून सांगते. २०२४ चा अख्खा जुलै मिळून आमचं १९० युनिटच्या आसपास झालं आणि त्याच पॅनलनी पुढच्या मार्चमध्ये ४४० दिलं, म्हणजे जुलैत निम्म्याहून कमी. सगळ्यात वाईट दिवस जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला, राधानगरीचे दरवाजे उघडले होते, पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, दुपारी बारा वाजता घरात ट्यूब लावायला लागत होती, त्या दिवशी दीड युनिट आलं. दीड म्हणजे काहीच नाही, मान्य. पण असे ठार काळोखाचे दिवस वर्षात दहा-पंधरा असतात. बाकी तरण्या पावसातसुद्धा मध्ये तास-दीड तास उघडीप मिळतेच आणि श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की सात-आठ-नऊ युनिट सहज पडतात.

आणि कोल्हापूर म्हणजे एकच हवामान नाही हेपण लक्षात घ्या. गगनबावडा, आंबा घाट, राधानगरीच्या बाजूला ढग जास्त दिवस बसून राहतात, तिथं आकडे आमच्यापेक्षा कमी येणार. उलट जयसिंगपूर, शिरोळकडे पाऊस बराच कमी, तिकडच्या लोकांनी तर या प्रश्नावर वेळच घालवू नये.

पण ढगातून वीज तयारच कशी होते? ऊन नको का?

पॅनलला ऊन म्हणजे उष्णता नको असते, उजेड हवा असतो. ढगाळ दिवशी सूर्याचे किरण थेट येत नाहीत पण ढगात विखरून सगळ्या आभाळातून उजेड खाली येतो, त्या विखुरलेल्या उजेडावर पण पॅनल चालतात. पातळ पांढरे ढग असतील तर निम्म्याच्या वर वीज येते, काळे गच्च भरलेले असतील तर दहा-वीस टक्क्यांवर घसरते.

एक गोष्ट मी स्वतः गच्चीवर उभी राहून बघितलेली. ऑगस्टमधली सकाळ, साडेअकरा असतील, बारीक रिपरिप चालू होती आणि ॲपवर ४०० वॉट दिसत होतं. मग ढग फाटला, ऊन पडलं, पॅनलवरचं पाणी चकाकायला लागलं आणि मिनिटाभरात आकडा ३,००० च्या वर गेला, चैत्रातल्या कडक उन्हातसुद्धा आमच्याकडे एवढा जात नाही. कारण असं की त्या क्षणी थेट ऊन पण मिळत होतं आणि आजूबाजूच्या पांढऱ्या ढगांवरून उजेड परतून पण येत होता, वर पॅनल पावसाने गार झालेले आणि धुतलेले. पाच मिनिटांनी परत ढग आला आणि आकडा खाली. त्यामुळं पावसाळ्यात एखाद्या वेळचा आकडा बघून ना खूश व्हायचं ना नाराज, दिवसाची बेरीज बघायची.

जर्मनी-इंग्लंडमध्ये एवढं ढगाळ असतं, तिथं लोक सोलर लावतात ते काय उगीच?

माझा भाचा हॅम्बुर्गला आहे, त्याने तिकडं घर घेतलं आणि मला फोन करून विचारलं, आत्या, तुमच्याकडं ऊन आहे म्हणून चालतंय, इथं महिना महिना सूर्य दिसत नाही, मी लावू का? तेव्हा आम्ही दोघांनी बसून हिशोब मांडला.

जर्मनीत १ किलोवॉटला वर्षाला साधारण ९०० ते १,१०० युनिट पडतात, हॅम्बुर्गसारख्या उत्तरेच्या गावात खालच्या बाजूला. इंग्लंडमध्ये ८५० ते १,००० धरायचे. म्हणजे आपल्या दोन-तृतीयांश. माणसाला वाटतं तिकडं काहीच पडत नसेल, तसं नाही, कारण उन्हाळ्यात तिथला दिवस सोळा-सतरा तासांचा असतो आणि हवा गार असते. खरा मार हिवाळ्यात बसतो. डिसेंबरात दिवस आठ तासांच्या आत, सूर्य दुपारी बारालासुद्धा आपल्याकडं सकाळी सात-साडेसातला असतो तेवढाच वर येतो आणि वर ढग, म्हणून डिसेंबरात जूनच्या पाचवा-सहावा हिस्सासुद्धा कधी कधी येत नाही. आपला सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा असतो आणि त्या दिवसांत आभाळ निरभ्र असतं, हा फार मोठा फरक आहे.

मग तिकडं परवडतं कसं? विजेच्या दरामुळं. एका युनिटला आपल्या पैशात तीस ते चाळीस रुपये मोजतात ती माणसं, त्यामुळं कमी युनिट पडले तरी एकेक युनिट जास्त पैसे वाचवतं. शिवाय जर्मनीने २००० साली कायदा करून सोलरची वीज ठरलेल्या दराने विकत घ्यायला सुरुवात केली, २०२३ पासून घरगुती सोलरवरचा व्हॅट शून्य केला, आणि आज त्या ढगाळ देशात १०० गिगावॉटच्या वर (१ गिगावॉट म्हणजे दहा लाख किलोवॉट) सोलर उभं आहे. फ्लॅटच्या बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल टांगून प्लग लावायचीसुद्धा तिथं परवानगी आहे, ८०० वॉटपर्यंत. इंग्लंडमध्ये सोलरच्या विजेला ठरलेला दर देणारी जुनी फीड-इन टॅरिफ योजना २०१९ च्या मार्चमध्ये नव्या लोकांसाठी बंद झाली, आता ग्रीडला म्हणजे लाइनला दिलेल्या विजेचे पैसे मिळतात पण विकत घेतो त्या दरापेक्षा कमी.

म्हणून भाच्याला मी सांगितलं की तुझे पैसे वसूल व्हायला आठ-दहा-बारा वर्षं लागतील, पॅनल पंचवीस वर्षं चालतील, छप्पर दक्षिणेला असेल आणि त्या घरात राहणार असशील तर लाव, दोन-तीन वर्षांत घर बदलायचं असेल तर नको. त्याच्यासाठी दिवसा घरात वीज किती वापरली जाते हे महत्त्वाचं, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग दुपारी लावता आलं पाहिजे. आपल्याकडं तो ताण नाही, कारण आपल्याकडं नेट मीटर युनिटला युनिट वळता करतो.

पावसाळ्यात कमी पडलेली वीज भरून कशी काढायची?

हा खरा मुद्दा आहे आणि वेंडर लोक, म्हणजे सोलर बसवून देणारे, तो नीट समजावून सांगत नाहीत. नेट मीटर म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर. दुपारी घरात कोणी नसतं, तेव्हाची वीज बाहेर लाइनला जाते आणि तुमच्या खात्यावर जमा होते, रात्री तुम्ही लाइनची वीज घेता ती त्यातून वजा होते. महिन्याअखेर जमा जास्त राहिली तर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते. ही ओढाताण आर्थिक वर्षभर चालते, एप्रिल ते मार्च. ३१ मार्चला जे युनिट शिल्लक राहतील त्याचे पैसे महावितरण देतं पण कमी दराने, आणि एक एप्रिलला पाटी परत कोरी.

आता ही तारीख आपल्या पावसाच्या वेळापत्रकाशी किती जुळते बघा. एप्रिल आणि मे आपले भरघोस विजेचे महिने, ते वर्षाच्या सुरुवातीलाच येतात. त्या दोन महिन्यांत साठलेले युनिट जुलै-ऑगस्टमध्ये खर्ची पडतात. आणि पावसाळ्यात आपला वापरही कमी होतो, फॅन-कूलर बंद, एसी असेल तर तोही बंद. वाढतो तो फक्त गिझर आणि इस्त्रीनं कपडे वाळवायचा उद्योग. म्हणून माझं ठाम मत आहे की कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यासाठी बॅटरी घ्यायची गरज नाही, नेट मीटरच त्याचं पेव आहे, उन्हाळ्यात भरायचं आणि आषाढात काढायचं.

२०२५ ला मात्र हे गणित जरा चुकलं. मे महिना वळवानेच गेला, २४ मेला मान्सून केरळात आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात, आमची मे मधली वीज जवळपास शंभर युनिटनी कमी झाली. तरी जुलैचं बिल फार आलं नाही, एप्रिलची शिल्लक होती. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त साठवून ठेवू नका, ते मार्चअखेर स्वस्तात जातात, जे काय पिठाची गिरणी, मिक्सर, वॉशिंग मशीन वापरायचं ते त्या दिवसांत मोकळ्या मनानं वापरा.

किती किलोवॉट घेऊ? वेंडर तीनचं घ्या म्हणतोय

वेंडर तीनचंच म्हणणार, कारण सबसिडीची मर्यादा तीनला संपते. तुम्ही आधी लाइट बिल हातात घ्या. त्यावर मागच्या बारा महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, तो सगळा मिळवा आणि बाराने भागा. एकट्या मे महिन्याचं बिल बघून ठरवू नका.

मग दर बघा. घरगुती बिलात टप्पे असतात, शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि पुढे चौथा. वीज आकार, वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरलं तर पहिल्या शंभरातलं युनिट सात रुपयांच्या आसपास पडतं आणि त्याच्या पुढचं एकदम बारा-तेरा. दर बदलत राहतात, पण शंभर ओलांडलं की युनिट जवळपास दुप्पट होतं ही गोष्ट वर्षानुवर्षं तशीच आहे. सोलर पहिल्यांदा हे वरचे महाग युनिट कापतं. त्यामुळं ज्यांचा वापर दोनशे-अडीचशे आहे त्यांच्यासाठी २ किलोवॉट पुरेसं आहे, तेवढ्यात महिन्याला सरासरी सव्वादोनशे युनिट येतात. तीन घेतलं तर जास्तीचे युनिट मार्चअखेर कमी दरात जाणार. आमच्या घरात सासू-सासरे, दीर-जाऊ धरून सात माणसं, वापर सव्वातीनशेच्या पुढं, म्हणून आम्ही तीन घेतलं.

आणि ज्यांचं बिल महिन्याला ऐंशी-नव्वद युनिट येतं त्यांनी घाई करू नये. १ किलोवॉट लावलं तरी चालतं, पण पैसे सुटायला पाच-सहा वर्षं लागतात कारण तुमचं युनिट मुळात स्वस्त आहे. त्या पैशात आधी जुना फ्रीज बदलला तरी फरक पडतो. अडीचशे-तीनशे युनिटवाल्याचे मात्र सबसिडी धरून साडेतीन-चार वर्षांत सुटतात.

बिलावर मंजूर भार पण लिहिलेला असतो, तो बघून ठेवा, सोलरच्या अर्जात लागतो.

खर्च किती येतो, सबसिडी खरंच मिळते का?

मिळते. पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, त्यात १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्त कितीही घेतलं तरी ७८ हजार. पैसे थेट आपल्या बँक खात्यावर येतात, काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर, म्हणून सुरुवातीला सगळी रक्कम किंवा कर्ज तयार ठेवायला लागतं. सरकारी बँका यासाठी कमी व्याजाचं कर्ज देतात.

३ किलोवॉटचा एकूण खर्च दीड ते दोन लाखांत बसतो, गच्ची किती उंच आहे, स्ट्रक्चर म्हणजे पॅनलखालचा सांगाडा साधा की डोक्याच्या वर उंच, वायर किती लांब यावर ते ठरतं. सबसिडीसाठी पॅनल डीसीआरचे लागतात, म्हणजे आतला सेलसुद्धा भारतात बनलेला पाहिजे. कोणी फारच स्वस्तात देतो म्हणाला तर पहिला प्रश्न हाच विचारा की पॅनल डीसीआर आहेत का, आणि तो योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला वेंडर आहे का.

बिल शून्य येतं?

नाही. स्थिर आकार भरायलाच लागतो. आमचं आता बहुतेक महिने दीड-दोनशेच्या घरात असतं, पूर्वी साडेतीन-चार हजार यायचं.

लाइट गेली की सोलर चालतं ना?

नाही चालत. हे ऐकून लोक सगळ्यात जास्त नाराज होतात, म्हणून आधीच सांगते. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं सोलर लाइनच्या विजेवर पाय ठेवून उभं असतं, लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) स्वतःहून बंद होतो. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण वायरमन खांबावर चढून काम करत असेल आणि तुमच्या गच्चीवरून वीज लाइनमध्ये गेली तर त्याचा जीव जाईल. आपल्याकडं वळवाच्या वाऱ्यात फांदी पडून तासन्‌तास लाइट जाते, त्या वेळी भर उन्हात पॅनल असून घर बंद असतं, वाईट वाटतं पण कारण कळलं की राग येत नाही.

ज्यांना दवाखाना, दुकान किंवा घरात आजारी माणूस आहे त्यांनी हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन गेली तरी बॅटरीवर चालणारा) आणि लिथियम बॅटरी घ्यावी, पण त्याचा खर्च बराच वाढतो आणि बॅटरी पॅनलइतकी टिकत नाही. आमच्याकडं जुना इन्व्हर्टर-बॅटरीचा सेट होता तोच चार लाइट आणि दोन फॅनसाठी ठेवला, तेवढ्यावर भागतं.

गच्चीवर ऊन भरपूर आहे, सावलीचं एवढं काय बघायचं?

इथं आमची चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. वेंडरचा माणूस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गच्ची बघायला आला. त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो, आपण उभं राहिलं तर सावली पायाखाली. पाण्याची टाकी तेव्हा गच्चीच्या दक्षिणेला होती, तिची सावली तेव्हा टाकीपाशीच पडत होती. तो म्हणाला काही अडचण नाही, आम्हीही हो म्हणालो. दिवाळी झाली, सूर्य दक्षिणेला कलला आणि दुपारी दोननंतर टाकीची सावली बरोबर कडेच्या पॅनलवर यायला लागली. पॅनल एकामागोमाग एक माळेत जोडलेले असतात, त्यामुळं एकावर सावली पडली की त्याचं तेवढंच नुकसान होत नाही, सगळ्या माळेवर परिणाम होतो. आभाळ निळंशार असून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोज एक-दीड युनिट जात होतं. शेवटी संक्रांतीच्या आधी प्लंबर बोलावून टाकी उत्तरेला हलवली, चार हजार खर्च आला.

म्हणून माझं म्हणणं आहे की ढगाला घाबरू नका, सावलीला घाबरा. ढग सगळ्यांवर सारखा येतो आणि जातो, टाकीची, नारळाच्या झाडाची, शेजारच्या नव्या मजल्याची सावली पंचवीस वर्षं राहते. गच्ची दाखवताना वेंडरला सरळ विचारायचं की २१ डिसेंबरला दुपारी तीन वाजता सावली कुठपर्यंत येईल, मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप असतात त्यावर दोन मिनिटांत कळतं. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा-सतरा अंश, आपल्या अक्षांशाएवढा. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनलला वेगळा मायक्रो इन्व्हर्टर मिळतो, महाग आहे पण अशा गच्चीवर तोच कामाचा.

कडक उन्हात वीज जास्त येते ना?

उजेडानं जास्त येते, तापल्यानं कमी होते. पॅनल २५ अंशाच्या वर जितका तापेल तितकी दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, आणि एप्रिलच्या दुपारी पॅनल साठ अंशाच्या वर जातात. म्हणजे दहा-पंधरा टक्के तिथंच गेले. गार देशातल्या लोकांना हा तोटा होत नाही, आणि आपल्याकडं थंडीतल्या स्वच्छ दिवशी आकडे चांगले दिसतात त्याचं कारणही हेच.

पॅनल धुवायला लागतात का? कितीदा?

पावसाळ्यात अजिबात नाही, पाऊसच धुतो, फक्त खालच्या कडेला फ्रेमपाशी माती आणि शेवाळाची पट्टी साठते ती पाऊस थांबला की पुसून घ्यायची.

आपल्याकडं त्रास आहे तो गळीत हंगामात. कारखाने सुरू झाले की चिमणीतून उसाच्या चिपाडाची काळी राख उडते, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक काळे ठिपके पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. तीच राख पॅनलवर बसते आणि पहाटेच्या दवानं चिकटते. डिसेंबरात मी ओलं पांढरं फडकं एका पॅनलवरून फिरवलं तर ते काजळी पुसल्यासारखं काळं झालं. त्या दिवशी सहाही धुतले आणि दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात सव्वा युनिट जास्त पडलं. नोव्हेंबर ते मार्च मी दर पंधरा दिवसांनी धुते, इतर वेळी महिन्यातून एकदा. शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला राहत असाल तर आठवड्याला बघा.

सकाळी ऊन चढायच्या आत धुवायचं, साधं पाणी आणि मऊ मॉप. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकू शकते. बोअरचं क्षाराचं पाणी वाळू द्यायचं नाही, पांढरे डाग बसतात. घासणी, पावडर काही नको, आणि पॅनलवर पाय तर मुळीच द्यायचा नाही, वरून दिसत नाही पण आतला सेल तडकतो.

गारांचा पाऊस, वारा, वीज यांचं काय?

गारांची काळजी करू नका, पॅनलची काच २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने मारून तपासलेली असते. वाऱ्याची करा. वळवाचा वारा पॅनलखाली शिरून स्ट्रक्चर उचलतो, म्हणून पाइप गॅल्व्हनाइज्ड, फाउंडेशनचे ब्लॉक जड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे पाहिजेत. लायटनिंग अरेस्टर (आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा) आणि स्वतंत्र अर्थिंग हे दोन्ही झालंय का ते स्वतः उभं राहून बघा, अर्थिंगचे खड्डे मोजा. एप्रिल-मे मध्ये आणि हस्ताच्या पावसात आपल्याकडं वीज फार कडाडते, इथं पैसे वाचवू नका.

पुराच्या भागात घर आहे, लावावं का?

पॅनलला पुराचं भय नाही, ते गच्चीवर असतात. इन्व्हर्टर मात्र तळमजल्यावर, जिन्याखाली लावू देऊ नका. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, कुंभार गल्लीत पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते त्या घरच्या माणसांना भिंतीवर बोट ठेवून सांगता येतं, त्या खुणेच्या वर इन्व्हर्टर पाहिजे.

आणखी एक, हे फार कमी लोक सांगतात. महावितरणने पुरात लाइन बंद केली तरी उजेड आहे तोपर्यंत पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये वीज असतेच, ती बंद होत नाही. तिचं वेगळं डीसी स्विच असतं, ते वरच्या मजल्यावर हाताला येईल असं बसवून घ्या आणि पाणी दारात यायच्या आधी पाडा. बुडालेल्या किंवा तुटलेल्या सोलर वायरला हात लावायचा नाही, लाइन बंद आहे म्हणून तर नाहीच नाही.

पत्र्याचं किंवा कौलारू घर आहे, फ्लॅट आहे, मग?

पत्रा मजबूत असेल तर त्यावर क्लॅम्प मारून बसतात. पेठेतल्या जुन्या कौलारू घरांवर मी तरी सल्ला देणार नाही, वासे किती जुने आहेत ते बघायला लागतं आणि एक कौल सरकलं की गळती सुरू. साधारण १ किलोवॉटला शंभर चौरस फूट मोकळी जागा धरा.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीत विषय काढा. लिफ्ट, पाण्याची मोटार, जिन्यातले लाइट यासाठी सोसायटीला किलोवॉटला १८ हजार सबसिडी मिळते आणि मेंटेनन्स कमी होतो. शेतीच्या पंपाची योजना वेगळी आहे, मागेल त्याला सौर कृषी पंप, त्यात शेतकऱ्याला दहा टक्के भरायला लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. तो अर्ज घरच्या अर्जात मिसळू नका.

गच्चीवर आधीच सोलर आहे, पाणी तापवायचं. त्यालाच जोडता येईल?

नाही, ते वेगळं. ते उन्हानं पाणी तापवतं, हे उजेडापासून वीज करतं. पण ते काढू नका, जोपर्यंत चालतंय तोपर्यंत गिझरचे युनिट वाचतात. फक्त त्याची टाकी पॅनलच्या उत्तरेला राहील असं बघा.

आत्ता पावसाळ्यात बसवावं का दिवाळीनंतर?

अर्ज, कर्ज, कागद पावसाळ्यात उरकून घ्या, प्रत्यक्ष गच्चीवरचं काम उघडीप मिळाल्यावर करा, ओल्या स्लॅबवर ड्रिल मारून केलेलं वॉटरप्रूफिंग टिकत नाही. आमच्या जावेच्या माहेरी ऐन जुलैत काम केलं, बोल्टच्या भोकातून पाणी उतरून खालच्या खोलीचा गिलावा फुगला. नेट मीटर एप्रिलच्या आधी लागला तर उत्तम, म्हणजे उन्हाळ्याची सगळी शिल्लक त्याच वर्षीच्या पावसाला मिळते.

पण एक काम मात्र जुलैतच करा. धो धो पाऊस पडून गेला की छत्री घेऊन गच्चीवर जा, पाणी कुठं साचतं, कुठल्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, खाली कुठं ओल येते ते बघा, खडूनं नाही, पुसलं जाणार नाही अशा रंगानं खुणा करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा वर स्ट्रक्चर उभं राहिलं की त्याखालचा स्लॅब दुरुस्त करणं फार अवघड जातं. वेंडर आला की ते फोटो त्याच्यासमोर धरा आणि पहिला पाय कुठं रोवणार ते त्याला तिथंच दाखवायला सांगा.